चपला विहिरीपर्यंत

उडणाऱ्या, पोहणाऱ्या आणि अंगाला चिकटलेले कपडे घालून जग वाचवणाऱ्या माणसांचे काही सिनेमे धो धो चालतात आणि काही पहिल्याच आठवड्यात आडवे होतात. असं का होतं, यावर टीव्हीवर सुटाबुटातली माणसं तास तास बोलतात. कोणी म्हणतो तारीख चुकली, कोणी म्हणतो खलनायकात दम नव्हता. मी भाजी निवडत ऐकते आणि माझं मलाच हसू येतं. या विषयाचं माझं शिक्षण आंब्याच्या खोपीत झालंय, आणि मला ते दिलं माझ्या सासूने. तिला इंग्रजीचा गंध नव्हता.

माझं माहेर आतल्या अंगाला, भाताच्या आणि काजूच्या गावात. लग्न होऊन मी मिठबावच्या अलीकडे, किनाऱ्यावरच्या एका वाडीत आले तेव्हा नवं शतक सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. घरात आम्ही चौघं. सासरे हापूसची कलमं सांभाळायचे. सासूबाई सकाळी बंदरावर मासळी घेऊन बाजारात विकायला बसायच्या. आणि नवरा? मध्यस्थाने आमच्याकडे सांगितलं होतं की मुलाचा थिएटरचा धंदा आहे. माझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर सावंतवाडीतलं खुर्च्यांचं थिएटर उभं राहिलं आणि त्यांनी होकार देऊन टाकला. प्रत्यक्षात ती आंब्याची खोप निघाली.

चिऱ्याच्या अर्ध्या भिंती, वर पत्रे, खाली गवत. मार्च ते मे तिथे आंब्याची अढी घालायची आणि पेट्या भरायच्या. बाकीचे महिने खोप रिकामी. त्या रिकाम्या खोपीत नवऱ्याने आंब्याच्या पेट्यांची उतरंड रचून वर एक मोठा टीव्ही ठेवला होता, बाजूला सीडी लावायचं यंत्र, आणि दोन असे स्पीकर की लावले की पत्रे थरथरायचे. तिकीट म्हणजे एक नारळ, नाहीतर नारळाच्या किमतीची नाणी. बहुतेक लोक नारळच आणत, त्यामुळे आमच्या घरी त्या वर्षी प्रत्येक गोष्टीत खोबरं होतं.

आंब्याच्या खोपीत कोणी चप्पल घालून शिरत नाही. तिथे लक्ष्मीचा वास असतो, मग आत आंबा असो वा नसो. लोक दारातच चपला काढायचे, आणि दाराशी जागा संपली की पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या कडेने मागे मागे. यातून नवऱ्याने आपलं एक मोजमाप बसवलं होतं. चपला तुळशीपर्यंत पोचल्या तर सिनेमा बरा. विहिरीपर्यंत गेल्या तर सुपरहिट. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तुळशीलाही पोचत नव्हत्या, कारण हिंदी सिनेमे आता लोकांना घरबसल्या केबलवर फुकट दिसत होते.

दिवाळीनंतर एकदा जेवताना सासऱ्यांनी निकाल दिला. "आंबो सुरू होयसर काय ता कर. शिमग्याच्या आदी मी स्वता येवन बघतलंय. खोप भरलेली दिसली तर बरा. नाय तर मुंबैक काकाकडे जावचा. तेणी नोकरी बघून ठेवल्यान हा."

काकांच्या खोलीत माणसं पेट्यांतल्या आंब्यांसारखी थरावर थर झोपायची, तिथे बायको नेण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणजे हा जाणार, गणपतीला आणि मे महिन्यात पाहुण्यासारखा येणार, आणि मी इथे सासूबाईंच्या हाताखाली बांगडे साफ करणार. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. मला नवरा घरात हवा होता, इतकी साधी गोष्ट. पण नव्या सुनेने असलं काही बोलायचं नसतं, म्हणून मी ताक वाढलं. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. एरवी त्या मीठ कमी पडलं तरी अर्धा तास बोलायच्या.

नवऱ्याने विचार केला आणि तो थेट देवगडला सीडीच्या दुकानात गेला. केबलवर न दिसणारं काहीतरी हवं, म्हणून इंग्रजीतले हे अचाट वीर. आणि आपला गाव दर्यावर्दी, म्हणून पहिला वीर समुद्रातला. अंगावर हिरवे खवले, पाण्याखाली श्वास घेणारा, मोठमोठ्या माशांवर बसून फिरणारा. "बघ गो," नवरा मला म्हणाला, "ह्यांका आपलोच मनीस वाटतलो."

हीच चूक झाली. पहिल्या पाच मिनिटांत तो वीर पाण्यातून बाहेर आला आणि मागून आवाज आला, "केस सुके कशे रे?" मग पाण्याखालचा देखावा आला, त्यात सगळे मासे एका रांगेत. "बांगडो मोरयेच्या वांगडा फिरता? बांगडो येडो आसा काय?" मोरी म्हणजे शार्कच, पण आम्ही तिची आमटी करतो, त्यामुळे तिचं कोणाला कौतुक नाही. खलनायकाच्या बोटीचा नांगर कसा लागलाय यावर दोन खलाशांची जुंपली. हेही सगळं चाललं असतं. पण मग सिनेमात वादळ आलं आणि त्या वीराने भर तुफानात समुद्रात सूर मारला.

आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या वर ओढून झापांखाली झाकून ठेवतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कोणी पाण्यात पाय घालत नाही. इथे या बाबाने नारळ नाही, नमस्कार नाही, कुणाला विचारणं नाही, सरळ उडी. एक म्हातारा तांडेल, होडीचा म्होरक्या, उठून उभा राहिला. "नारळ दिल्यान नाय. ह्या मेल्याक दर्यो ठेवचो नाय. आणि बघणाऱ्यांकापण ठेवचो नाय. मी बघूचंय नाय." तो गेला तशी त्याची होडी गेली, म्हणजे होडीवरचे सगळे खलाशी गेले, आणि मग दुसऱ्या होडीचे. पुढचे दोन दिवस जाळ्यात नुसता कचरा आला. त्याचं खापरही आमच्या सिनेमावर फुटलं, आणि बाजारात बसलेल्या सासूबाईंना ते ऐकून घ्यावं लागलं.

नवऱ्याने यातून सिद्धांत काढला. "ओलो हिरो चलाचो नाय," तो गंभीरपणे म्हणाला. "सुको व्हयो." मासळीबद्दल बोलावं तसं बोलत होता.

सुका हिरो आला. हा उडणारा. पिवळा पोशाख, तोंडावर मुखवटा, पाठीवर जांभळं कापड, ज्याला आमच्या वाडीत सगळे टॉवेल म्हणू लागले, आणि विजारीवरून घातलेली चड्डी. चपला तुळशीच्या जरा अलीकडे थांबल्या. लोक बसून होते, पण इंग्रजीतलं अक्षर कळत नव्हतं. कोणी जांभया देत होतं, कोणी शेजाऱ्याला भातकापणी संपली का ते विचारत होतं. मी मागे दारापाशी बसून मनातल्या मनात नवऱ्याची बॅग भरत होते.

एवढ्यात सासूबाई आल्या. सिनेमा बघायला नाही, तर कालवण निवतंय, जेवायला चल, हे सांगायला. दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि टीव्हीकडे बघितलं. शेजारणीने सहज विचारलं, "गो काकी, ह्यो असो उडता कित्याक?"

सासूबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "चुलत काकान वाट बंद केल्यान ना," त्या म्हणाल्या. "मगे उडतलो नाय तर काय करतलो?"

खोपीतल्या जांभया बंद झाल्या. आमच्या वाडीत वाटेवरून भांडण नाही असं एकही घर नव्हतं. कुणी कुणाच्या पाणंदीवर कुंपण घातलेलं, कुणी विहिरीच्या वाटेवर केळ लावलेली, कणकवलीच्या वकिलांची पोरं त्यावर शिकली. पुढच्या रांगेतला एकजण मागे वळून म्हणाला, "काकी, आणि तोंड कित्याक झाकल्यान हा?"

"भाऊबंदांनी वळखूचा नाय म्हणान. उद्या कोर्टात सांगतले, आमच्या हद्दीत उडत होतो."

मग काय. कालवण थंडगार झालं. सासूबाईंना कोणीतरी पाट दिला, त्यावर त्या बसल्या आणि बाजारात कमावलेल्या आवाजात सांगू लागल्या. तो टकल्या दिसतो तो चुलत काका, त्याने माडांची बाग लाटली. त्याच्या तळघरात फिरणारं ते भलंमोठं यंत्र म्हणजे पंप, त्याने तो सामाईक बावीला, म्हणजे विहिरीला बसवला आणि सगळं पाणी ओढतोय. ती केस मोकळे सोडून फिरणारी मुलगी म्हणजे मामाची मुलगी, तिचं याच्याशी लहानपणीच ठरलंय, पण कोर्टाचा निकाल लागल्याशिवाय लग्न नाही. मागून कोणीतरी विचारलं की काकी, चड्डी वरून का. सासूबाई हळहळल्या. "घरात बाईलमनीस नाय रे. कोण सांगतला तेका?"

शेवटच्या मारामारीत तर कहर झाला. खोपीच्या दोन कोपऱ्यांत दोन चुलत भाऊ बसले होते, वर्षानुवर्षांचा अबोला. वीराने काकाला पंपावर आपटला तसा एका कोपऱ्यातून आवाज आला, "असोच व्हयो." दुसऱ्या कोपऱ्यातून लगेच, "तू तुझ्या कुंपणाचा बघ." बोलणं सुरू झालं म्हणायचं. शेवटी तो वीर आभाळात उडत उडत ठिपका होऊन जातो. सासूबाई म्हणाल्या, "देवगडाक गेलो. कोर्टात तारीख आसा."

दुसऱ्या दिवशी तोच सिनेमा, चपला तुळशीच्या पुढे. तिसऱ्या दिवशी विहिरीपर्यंत. काही माणसं आपल्या चुलतभावंडांना मुद्दाम घेऊन आली.

नवऱ्याला आनंद झाला, पण कळलं काही नाही. त्याने नवा सिद्धांत मांडला की पाठीवर टॉवेल असलेला हिरो चालतो. देवगडला जाऊन त्याने सर्वांत लांब टॉवेल असलेला हिरो शोधून आणला. त्या संध्याकाळी सासूबाई भाच्याच्या मुलाच्या बारशाला गेल्या होत्या. लोक नारळ घेऊन आले, दारातच विचारलं, "काकी खंय?" आणि नारळ घेऊन परत गेले. नवरा रात्रभर विचार करत होता. म्हणाला, टॉवेलचा रंग चुकला.

"सिनेमो चलणा नाय, आई चलतत," मी म्हटलं.

"आवस नुसतो आवाज करता गो," तो म्हणाला. "लोकांका गोष्ट कळाक व्हयी." पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या नवऱ्यासारखा प्रेमळ माणूस शोधून सापडायचा नाही, पण डोक्यात एक गोष्ट बसली की तिला तिथून उठवणं देवाच्याही हातात नसतं.

पुढचे महिने सासूबाई बसल्या की विहीर, नसल्या की तुळससुद्धा नाही, असे गेले. आणि शिमगा जवळ आला. सासरे बघायला येणार त्या दिवसासाठी नवऱ्याने पिवळ्या पोशाखाचाच सिनेमा निवडला, कारण तो सर्वांत जास्त चाललेला. इथवर ठीक होतं. पण मला न सांगता त्याने इंग्रजी सीडी दुकानात परत देऊन तोच सिनेमा हिंदीत आणला. एकदम खूश होता. आता सगळ्यांना सगळं कळणार, आईलाही त्रास नाही.

त्या संध्याकाळी चपला विहिरीला वळसा घालून पलीकडे गेल्या. सासरे धुतलेला सदरा घालून आले, दारात चपला काढल्या, आत येऊन कडेच्या एका पेटीवर बसले. सासूबाई आपल्या पाटावर, तोंडात पान. नवऱ्याने सीडी लावली. वीर पडद्यावर आला आणि शुद्ध हिंदीत बोलू लागला.

त्याने सांगितलं की तो एका प्रयोगशाळेत कारकून आहे. एकदा यंत्रात पडला आणि अंगात शक्ती शिरली, म्हणून उडतो. सासूबाईंच्या तोंडातलं पान तोंडातच राहिलं.

"ह्यो काय सांगता?" पुढच्या रांगेतून आवाज आला. "वाट बंद केल्यानी ता खंय गेला?"

मग टकल्या आला. तो शहराचा सूर्यप्रकाश चोरणार होता. पंपाचं नाव नाही. वीराला समोर बघून तो म्हणाला, मैं तुम्हें नहीं जानता. खोप पेटली. "पुतण्याक वळखणा नाय. बघलास? चार लोकांसमोर." "मामाच्या चेडवाक पण ह्यो मॅडम म्हणता." तोच म्हातारा तांडेल उठला आणि त्याने निवाडा केला: "हिंदीत चुकीचा घातलेनी. मुंबैवाल्यांनी काकाचो पैसो खाल्लेनी आणि केस दाबलेनी. काकीन सांगितली ती खरी गोष्ट."

सासूबाई खोटं सांगत होत्या असं त्या गर्दीत एकालाही वाटलं नाही. खोटा होता तो सिनेमा. आणि खोट्या सिनेमाला नारळ का द्यायचा, म्हणून लोक उठू लागले. मी दारात होते. विहिरीपलीकडच्या चपला गेल्या, मग विहिरीजवळच्या. सासऱ्यांची मानही दाराकडे वळली होती. तेही तेच बघत होते. नवरा यंत्राची सगळी बटणं एकामागून एक दाबत होता आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी कीव आली की मी पदर खोचला, सासऱ्यांच्या समोरून, चपला ओलांडाव्यात तशी माणसं ओलांडत पुढे गेले आणि टीव्हीचा आवाज बंद केला.

वीर आता नुसतीच तोंडाची उघडझाप करत होता.

"आई," मी म्हटलं, "तुमी सांगा."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग यंत्राशी वाकलेल्या मुलाकडे, मग पेटीवर बसलेल्या सासऱ्यांकडे. मुंबईच्या गोष्टीवर ही बाई इतके महिने का गप्प होती, ते मला तेव्हा कळलं. बोलली असती तर रडली असती. तिने पान थुंकलं, पदराने तोंड पुसलं.

"खंय होतो आपण?" ती म्हणाली. "हां. काकान रातोरात पंप बसवल्यान."

अंगणात चपला शोधणारे लोक तसेच आत आले. त्यांनी रस्त्यावरच्यांना हाका मारल्या. त्या संध्याकाळी सासूबाईंनी जे सांगितलं ते मी पुन्हा कुठे ऐकलं नाही. तलाठी आला, मोजणी आली, खोटी सही आली, आणि पडद्यावर नुसता एक माणूस भिंतीवर आपटत असताना तिने त्यातून ग्रामसभा उभी केली. सासरे पहिल्यांदा घसा खाकरून बसले होते. मग पेटीवरून जरा पुढे सरकले. मग माझ्या कानांनी मी ऐकलं, ते स्वतःशीच म्हणाले, "सात-बारा बघाक व्हयो होतो."

शेवट आला. वीर गच्चीवर उभा, मामाची मुलगी त्याच्याकडे बघत्येय. तो उडाला. लहान लहान होत गेला.

"काकी, खंय चललो?" नेहमीसारखं कोणीतरी विचारलं. उत्तर सगळ्यांना पाठ होतं. देवगडला, तारखेला.

सासूबाई त्या ठिपक्याकडे बघत राहिल्या.

"खंय जावचो नाय तो," त्या म्हणाल्या, आणि बाजारातला तो आवाज मधेच फाटला. "पोटासाठी उडान जावक कित्याक व्हया? बाग हंय आसा, बाव हंय आसा. वायच फिराक गेलो. जेवाक येतलो."

कोणी हसलं नाही. नवरा टीव्हीच्या मागे जाऊन कसलीतरी वायर सोडवत बसला, तिथे सोडवण्यासारखी एकही वायर नव्हती. मी मात्र उघड उघड रडले.

लोक पांगायला लागले तरी सासरे अंगणातच होते. खाली वाकून चपलांच्या गर्दीत पायाने चाचपत होते.

"काय सोदतास, बाबा?" मी विचारलं.

"माजी चप्पल गावणा नाय गो." ते सरळ झाले आणि त्यांनी पाखाडीच्या कडेने नजर टाकली, तुळशीवरून विहिरीपर्यंत आणि विहिरीच्या पलीकडे. बराच वेळ बघितलं. मग एक पाय कोणाच्या तरी निळ्या स्लिपरात आणि एक पाय कोणाच्या तरी लाल स्लिपरात घालून ते घराकडे चालू लागले. चार पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाले, "मुंबैच्या काकाक सांगतंय मी. हेका हंय काम आसा."

मी ताटं मांडली. सासरे जेवायला बसले, पायांतल्या त्या दोन रंगांच्या स्लिपरा काढायच्या राहून गेल्या होत्या, सासूबाईंनी दटावल्यावर काढल्या. नवरा खोपीला कुलूप लावून सर्वांत शेवटी आला आणि दारात अवघडून उभा राहिला. वडील काय बोलले ते त्याला अजून माहीत नव्हतं.

सासूबाईंनी त्याच्या भातावर कालवण वाढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलंय नाय मी? जेवाक येतलो म्हणान."